मुदतीचा अर्ज आणि मॅच
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



हा मेळावा खरं तर 2 नोव्हेंबरला व्हायचा होता. 30 ऑक्टोबरच्या रात्री जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 धावा काढल्या, ऑस्ट्रेलिया हरली आणि आपल्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला. नेरूळला, म्हणजे आपल्या अंगणात, वर्ल्ड कपची फायनल आणि आपण हॉलमध्ये बसून एकमेकांची वाढलेली पोटं बघायची? मेळावा पुढे गेला. पण समितीने आधी हॉलवाल्यांना विचारलं, केटररला विचारलं, पुण्याहून येणाऱ्या आपल्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "अगं, मलाही बघायचीच आहे." मग तारीख बदलली.

तेव्हा मला एक जुना अर्ज आठवला. आमच्या ऑफिसात अमेरिकेतल्या एका सहकाऱ्याने तो गंमत म्हणून सगळ्यांना पाठवला होता. 7 जानेवारी 2008 ला न्यू ऑर्लिन्समध्ये कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना होता, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी विरुद्ध ओहायो स्टेट. (त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं. त्याला फुटबॉल का म्हणतात, ते तेच जाणोत.) ही लुइझियानाची युनिव्हर्सिटी ज्या बॅटन रूज शहरात आहे, तिथल्या कोर्टात एक दिवाणी खटला नेमका त्याच सुमारास उभा राहणार होता. वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला आणि कारण सरळ लिहिलं : आमची टीम फायनलला आहे. दोन्ही बाजूंच्या वकिलांची संमती आहे, हेही लिहिलं. सामना लुइझियानाने 38-24 असा जिंकला. ऑफिसात सगळे हसले. मीही हसले, पण मला आईचा एक दिवस आठवत होता.

13 मार्च 1996, बुधवार. तुम्हाला तो दिवस सांगायला नको. ईडन गार्डन्स, श्रीलंकेच्या 251 धावा, सचिन 65 वर बाद झाला आणि मग 120 वर आठ. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, रडत परतणारा कांबळी. आपलं दहावीचं वर्ष. सामना आहे म्हणून बोर्डाने परीक्षा पुढे ढकलावी, असं आपल्यातल्या कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या दिवशी आईची तारीख होती. आपल्यातल्या निम्म्या घरांप्रमाणे आमचीही जमीन संपादनात गेलेली. वाढीव मोबदल्याचा दावा चालू होता. बाबांची पाळी असायची, म्हणून तारखेला आई जायची. पहाटे उठून आमचा डबा, मग करंजाच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, तिथून एस.टी. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा. त्या दिवसाचा रोज बुडायचा तो वेगळाच. त्या बुधवारी तिची साक्ष होती. आठ दिवस ती मनातल्या मनात बांधांची नावं घोकत होती.

अकराच्या सुमारास पुकारा झाला. वकील आलेच नव्हते. ज्युनियर आला, कागद दिला, बाहेर आला. कारकुनाने चिठ्ठीवर जूनची तारीख लिहून दिली. आईने विचारलं, साहेब आजारी आहेत का? पोरगा प्रामाणिक होता, हसून म्हणाला, "मावशी, आज मॅच आहे ना."

आई त्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मना काल सांगलं असतं तं?" समोरच्या किराणा दुकानातल्या फोनचा नंबर वकिलांच्या वहीत होता.

पुढे नोकरीला लागल्यावर मी त्या दाव्याच्या रोजनाम्याची नक्कल काढली. त्या दिवसापुढे कारण होतं : वैयक्तिक अडचण.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे रात्री सर्व्हर बंद पडला तर सकाळी पहिला प्रश्न असतो, नोंदीत कारण काय आहे. कारण खोटं असेल तर ती नोंद नसलेली बरी, कारण तिच्या भरवशावर माणसं भलतीकडेच दुरुस्ती करत बसतात. आता देशातल्या कोर्टांची आकडेवारी ऑनलाइन दिसते, आपल्या दाव्याचा सोळा अक्षरांचा नंबर घातला की पुढची तारीख मोबाइलवर येते. खटले रखडण्याची कारणंही तिथे मोजलेली आहेत. त्यात "वकील उपलब्ध नाहीत" असा एक रकाना आहे. खरा ताप आणि ईडन गार्डन्स दोन्ही त्याच रकान्यात.

कायदा ढिला आहे असंही नाही. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत, हे कारणसुद्धा दिवाणी प्रक्रिया संहितेला चालत नाही. 1 जुलै 2002 पासून तर सुनावणीत एका पक्षाला तीनच तहकुबी. 2005 मध्ये सेलम बार असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तीनला अपवाद ठेवला आणि उदाहरणं दिली ती भोपाळची वायुदुर्घटना, गुजरातचा भूकंप आणि दंगली, त्सुनामी. क्रिकेट त्यात बसवणं अवघड आहे. आणि मनात आलं तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. उन्हाळी सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी, 4 मे 2018 ला, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती काथावाला दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनपर्यंत बसले होते.

आपल्या वर्गातले दोघं वकील इथे समोर बसलेत. त्यातल्या एकाला मी परवा विचारलं, मॅचच्या दिवशी असे अर्ज येतात का रे? तो म्हणाला, "येतात. पण मॅच असं कोण लिहितंय?" म्हणूनच मला तो लुइझियानाचा अर्ज हल्ली पूर्वीइतका हास्यास्पद वाटत नाही. निदान कारण खरं होतं, आणि तारीख उजाडायच्या आधी दिलेलं होतं. त्यांच्या पक्षकारांना कोणी विचारलं होतं का, हा माझा प्रश्न मात्र राहतोच. संमती वकिलांची होती. मित्रांनो, तुम्ही मॅच जरूर बघा. फक्त आदल्या संध्याकाळी अशिलाला एक फोन करा. आता तर किराणा दुकानही मध्ये नाही.

आईची साक्ष शेवटी त्या जूनमध्ये झाली. दाव्याचा निकाल लागला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. माझ्या आधीच्या तिन्ही वर्षांची फी व्याजाने काढलेल्या पैशांतून गेली होती. मोबदला आल्यावर आईने पहिल्यांदा ते व्याज फेडलं. ती पिशवी अजून तिच्या कपाटात आहे, आणि तारखांच्या चिठ्ठ्याही, रबर लावून ठेवलेल्या.