शिकारी चित्ता

कोल्हापूर, बडोदे अशा संस्थानी गावांत जुन्या आठवणी निघाल्या की हत्तींची साठमारी आणि पैलवानांच्या कुस्त्या यांच्याबरोबर चित्त्याच्या शिकारीची गोष्टही हमखास निघते. ती प्रथमच ऐकणाऱ्या मुलाला वाटते की, महाराज चित्ते मारीत असावेत. वास्तविक गोष्ट उलट आहे. या शिकारीत चित्ता सावज नव्हता. तो शिकारी होता, आणि सावज होते माळावरचे काळवीट.

चित्ता आणि बिबट्या यांची पुष्कळदा गल्लत होते. बिबट्या दबा धरणारा, झाडावर चढणारा, अंगाने भरलेला. चित्ता सडपातळ, लांब पायांचा, लहान डोक्याचा. डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून ओठांपर्यंत आसवे ओघळावीत तशा दोन काळ्या रेघा, ही त्याची खूण. धावण्यात सर्व चतुष्पादांत तो पहिला. पण हा वेग काही शे पावलांपुरताच टिकतो. तेवढ्यात सावज हाती लागले नाही, तर तो धापा टाकीत बसून राहतो. म्हणून त्याला मोकळे माळरान हवे आणि त्या माळावर हरणांचे कळप हवेत.

असे जनावर राजवाड्यापर्यंत येई ते पारध्यांच्या हातून. माळावरची काही ठरावीक झाडे चित्त्यांच्या आवडीची असत. तेथे ते वरचेवर येत, खोडावर नखे घाशीत. पारधी अशी झाडे हेरून ठेवी आणि हरणाच्या तातीचे फासे त्यांच्या बुंध्याभोवती मांडी. पिलू धरणे सोपे, परंतु पिलाला मागणी नव्हती. सावज कसे हेरावे, केव्हा झेपावावे, हे चित्त्याची आईच त्याला शिकविते. ती विद्या माणसाजवळ नव्हती. म्हणून पकडायचा तो पुरता वाढलेला, शिकारीत तरबेज झालेला चित्ताच.

मग चित्तेवानाचे काम सुरू होई. चित्त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवीत, कमरेला दोर बांधून त्याला खाटल्याशी जखडीत आणि भोवती माणसांचा वावर ठेवीत. बायकामुलांनी त्याच्याजवळ बसून बोलत राहावे, बाजारातला गलबला त्याच्या कानांवर पडावा, अशी योजना असे. चित्तेवान रात्री त्याच्या शेजारीच झोपे. काही महिन्यांत ते रानटी जनावर हाताने भरविलेले मांस खाऊ लागे. येथे चाबकाचा उपयोग नव्हता. होता तो केवळ चिकाटीचा.

शिकारीच्या दिवशी चित्त्याला छकड्यावर बसवून माळावर नेत. घोडेस्वार दिसताच काळवीट उधळे. शेतकऱ्याचे छकडे मात्र त्याच्या रोजच्या पाहण्यातले असे, त्यामुळे ते फारसे बुजत नसे. छकडे वळसे घेत घेत कळपाजवळ जाई. मग टोपी निघे, दोर सुटे आणि पाहणाऱ्याला श्वास घ्यायलाही सवड मिळत नसे. चित्ता पंजाच्या फटक्याने काळविटाला पाडी आणि त्याचा गळा धरून ठेवी. चित्तेवान धावत येऊन काळवीट मारी, लाकडी पळीत त्याचे रक्त धरी आणि चित्त्यापुढे करी. तो ते चाटण्यात गुंगला की टोपी पुन्हा डोळ्यांवर येई. १८७५ साली वेल्सचे राजपुत्र बडोद्यास आले, तेव्हा त्यांनाही ही शिकार दाखविण्यात आली. त्या वेळी गादीवर असलेले सयाजीराव अवघे बारा वर्षांचे होते.

या खेळामागे असामान्य तयारी होती. तीत उणीव होती ती एकच. चित्ता त्या काळी बंदिवासात सहसा वीत नसे. अकबराने एक हजार चित्ते जमविले होते असे जहांगीर सांगतो. आणि एका सुटलेल्या नराचा मादीशी संग होऊन तीन पिले झाल्याची नोंद त्याने १६१३ साली केली आहे, ती एक नवल म्हणूनच. त्यानंतर बंदिवासात पिले जन्मल्याची नोंद मिळते ती थेट १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. याचा अर्थ असा की, चित्तेखान्यातील प्रत्येक रिकामे खाटले रानातूनच भरून काढावे लागे. शेकडो वर्षे रानातून घेणे चालले. रानाला परत देणे कोणाच्या मनातही आले नाही.

पुढे बंदुका आल्या, माळराने नांगराखाली गेली, हरणांचे कळप विरळ झाले. इंग्रजी अमदानीत चित्ता मारणाऱ्यास बक्षीसही मिळे. विसाव्या शतकात हिंदी चित्ता इतका दुर्मिळ झाला की, कोल्हापूर, भावनगर अशा संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणून शिकारीची हौस भागविली. १९४७ साली आज छत्तीसगडात असलेल्या कोरिया संस्थानात तेथील महाराजांनी एका रात्री तीन चित्ते गोळ्या घालून मारले. त्यानंतर या देशात चित्ता मारल्याची खात्रीलायक नोंद नाही. १९५२ साली तो देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

त्याच १९५२ साली आणखी एक गोष्ट घडली. पारध्यांतील काही जमातींना ज्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते, तो गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. ज्यांच्या पारखीवर दरबारची करमणूक उभी होती, त्यांच्या पदरी दरबार सरल्यावर पडला तो पोलिसांचा संशय, आणि तो कायद्याबरोबर सरला नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘चिता पारधी’ हे नाव आजही आहे. जनावर गेले, त्याचे नाव लावणारी माणसे मागे राहिली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते कुनोच्या रानात आले. हा श्योपूरचा मुलूख, पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातला. त्यांतील काही दगावले. काहींना पिले झाली. या रानातील २४ गावे गीरच्या सिंहांसाठी म्हणून आधीच उठविली होती. त्या गावांत सहरिया आदिवासींची वस्ती मोठी होती. सिंह आले नाहीत, चित्ते आले. तेव्हा या प्रयोगाचा हिशेब मांडताना जनावरांच्या शेजारी या माणसांचाही रकाना असला पाहिजे.

भावनगरजवळ वेळावदर येथे महाराजांचे चित्ते ज्या माळावर काळविटांमागे सुटत, तो माळ १९७६ साली काळविटांसाठीच राखून ठेवण्यात आला. आज तेथे ती कळपाकळपांनी चरताना दिसतात. छकड्याची आणि टोपीची विद्या आता कोणाच्या उपयोगाची नाही. माळ मात्र राखला तर राहतो, आणि त्याच्या मागोमाग काळवीटही राहते, एवढे वेळावदरने दाखविले आहे. जुन्या चित्तेखान्यांना नेमकी हीच गोष्ट उमगली नव्हती.