घर आपले, जमीन कोणाची?



गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेला एखादा कारकून किंवा शिक्षक चाळिशी उलटल्यावर डोंबिवलीला ‘ओनरशिपचा ब्लॉक’ घेतो. साठवलेली शिल्लक, पत्नीचे दागिने, भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली रक्कम आणि वीस वर्षांचे कर्ज एवढ्या भांडवलावर तो मालक होतो. निदान तशी त्याची समजूत असते. तो नेमका कशाचा मालक झाला, हा प्रश्न मात्र त्याला कोणी विचारलेला नसतो, आणि वकिलाकडे जातानाही तो हा प्रश्न बरोबर नेत नाही. कर्ज मंजूर होईल का, मुद्रांक शुल्क किती पडेल, ताबा केव्हा मिळेल, एवढेच तो विचारतो.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा स्पष्ट सांगतो की, स्थावर मिळकत विकण्याचा नुसता करार झाल्याने त्या मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या मिळकतीची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. महाराष्ट्रात नव्या इमारतीत गाळा घेणाऱ्याच्या हाती बहुधा असे खरेदीखत नसतेच. त्याच्याजवळ असतो तो बांधणाऱ्याशी झालेला नोंदणीकृत करार. पुढे गाळेधारकांची सहकारी संस्था स्थापन व्हावी आणि बांधणाऱ्याने जमीन व इमारत अभिहस्तांतरणाने त्या संस्थेच्या नावे करून द्यावी, अशी या व्यवस्थेची कल्पना आहे. गाळेधारकाची मालकी पुरी होते ती या शेवटच्या पायरीवर. आणि बहुसंख्य लोकांना ही पायरी आहे हेच ठाऊक नसते.

ही पायरी कायद्याने ऐच्छिक ठेवलेली नव्हती. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्याने ती बांधणाऱ्यावर बंधनकारक केली. करारात वेगळी मुदत नसेल, तर संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण व्हावे, असे नियमात लिहिले आणि ते न करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूदही केली. तरीही गावोगावच्या असंख्य संस्था वीस-वीस, तीस-तीस वर्षे जमिनीच्या कागदावाचून राहिल्या. बांधणाऱ्यांच्या आळसाने हे घडले असे समजणे भाबडेपणाचे होईल.

याचे कारण अर्थशास्त्रात आहे. इमारत दरवर्षी जुनी होते, तिचे लोखंड गंजते, गिलावा सुटतो, किंमत घटते. जमिनीची किंमत मात्र वाढत जाते, आणि ती वाढते समाजाच्या श्रमाने: रेल्वे येते, रस्ते होतात, शाळा निघतात, वस्ती दाटते. या अनर्जित वाढीवर हक्क सांगता येतो तो जमीन ज्याच्या नावावर आहे त्याला. चटई क्षेत्राचा निर्देशांक वाढला की जादा बांधकामाचा लाभ त्याच्याकडे जातो. जुनी इमारत पाडून नवी उभारायची वेळ आली की रहिवाशांना त्याच्या संमतीसाठी दारात उभे राहावे लागते. म्हणजे व्यवहाराचा निचोड असा की, हप्ते भरणाऱ्याला झिजणारी वस्तू मिळाली आणि वाढणारी वस्तू विकणाऱ्याकडेच राहिली. किंमत मात्र दोहोंची वसूल झाली. कुळकायद्याच्या लढ्यात ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्या महाराष्ट्रात शहरातल्या राहणाऱ्याच्या जमिनीबद्दल इतकी शांतता असावी, याचे नवल वाटते.

२००८ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बांधणारा सही करीत नसेल, हयात नसेल किंवा त्याचा ठावठिकाणा नसेल, तरी संस्थेने सक्षम प्राधिकारी म्हणजे जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे अर्ज करावा; सुनावणीनंतर ते प्रमाणपत्र देतात आणि त्याच्या आधारे दस्त नोंदविता येतो. मूळ कायद्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी का होईना, हे झाले हे चांगले झाले. परंतु कर्तव्य चुकविले बांधणाऱ्याने, आणि कागद गोळा करण्याची, खेटे घालण्याची पाळी आली संस्थेवर.

बाकीच्या प्रश्नांपैकी परवानगीचा प्रश्न सर्वांत जीवघेणा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्यांच्या जोरावर या इमारतींसाठी स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘महारेरा’ची, नोंदणीही मिळविण्यात आली होती. त्या नोंदणीच्या क्रमांकावर विसंबून सामान्य माणसांनी घरे घेतली. यातला बोध व्यवहारी आहे: महारेराचा क्रमांक पाहावाच, परंतु बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेच्या नगररचना खात्यात स्वतः जाऊन पडताळावे. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत ‘पुढे होईल’ या शब्दावर राहायला जाऊ नये.

सात-बारा उताऱ्याचेही असेच. तो महसुलाच्या सोयीसाठी ठेवलेला दप्तराचा कागद आहे. त्यावरची नोंद म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. म्हणून मागच्या तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घेण्याची वकिलांची रीत आहे व ती योग्य आहे. कुलमुखत्यारपत्रावर ‘विकल्या’ जाणाऱ्या जागांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निर्वाळा दिला की, अशा कागदांनी मालकी जात नाही. २०१० साली त्याच न्यायालयाने मुंबईतल्या एका संस्थेच्या खटल्यात ठरविले की, खांबांमधली वा उघड्यावरची मोटार ठेवण्याची जागा बांधणाऱ्याला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ज्यांच्याकडे सायकलही नाही त्यांनाही हा निकाल उपयोगी आहे, कारण ती जागा सर्वांची आहे.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने काही गोष्टी खरोखरच सुधारल्या. नोंदणीकृत करारावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. आकारणी चटई क्षेत्रावर करावी लागते. ताबा वेळेवर न दिल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात. बांधणारी कंपनी बुडाली तर घर घेणारा २०१८ पासून वित्तीय धनको मानला जातो. मात्र २०२० च्या दुरुस्तीनंतर दिवाळखोरीचा अर्ज करण्यासाठी त्या प्रकल्पातले किमान शंभर किंवा एक दशांश ग्राहक एकत्र यावे लागतात. एकेकट्याने दार ठोठावण्याची वाट तिथेही बंद झाली.

आपल्या वस्तीतल्या किती संस्थांच्या नावे जमीन झाली आहे, हे शाखेच्या कार्यकर्त्यांना मिळकत पत्रिका पाहून आठवडाभरात कळू शकेल. जिथे झालेली नाही तिथल्या चिटणिसांना एकत्र बोलवावे. सभासदांचे करार, सूची क्रमांक दोनच्या प्रती, मंजूर नकाशा आणि संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र या कागदांपासून सुरुवात करता येते. पहिल्या पिढीतले सभासद हयात आहेत आणि मूळ करार त्यांच्या ट्रंकेत आहेत, तोवर हे काम सोपे आहे.