क्यूब टाकीत, स्लॅब उन्हात

आजचा विषय कोरडा आहे, आधीच सांगून ठेवतो. काँक्रीट फोडायची मशीन, सळई तोडायची मशीन आणि त्यांच्यासोबत लागणारी बारीकसारीक साधनं. पण घरी घरकुलाचं काम निघालं असेल, किंवा तुम्ही स्वतः डिप्लोमा करून साइटवर उभे राहत असाल, तर हेडफोन काढू नका.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र. ६.२ तीव्रतेचा भूकंप. किल्लारी लातूरमध्ये, पण सास्तूर आणि आजूबाजूची गावं आपली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता, पण घरात कुणी ना कुणी सांगितलं असेल.

तिथली घरं कशाची होती? काळ्या दगडाची. हा आपला दगड कॉम्प्रेशन टेस्टिंग मशीनमध्ये घातला, साइटवर तिला सगळे सीटीएम म्हणतात, तर साध्या काँक्रीटच्या कितीतरी पट जास्त दाब सोसतो. म्हणजे दगड पास. पण भिंत नापास झाली. दोन-तीन फूट जाडीची भिंत, आत-बाहेर दोन थर, मध्ये दगडगोटे आणि माती, दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. वरती माळवदाचं मातीचं ओझं. हलल्याबरोबर थर सुटले आणि छत खाली आलं. म्हणून कुणी नुसतं ‘माल चांगलाय’ म्हणालं, की मी विचारतो, कशासाठी चांगलाय? दाब सोसायला, ताण सोसायला, की हलल्यावर टिकायला? तिन्ही चाचण्या वेगळ्या आहेत.

आता दाबाची चाचणी. १५० मिलिमीटरचा लोखंडी साचा, त्यात तीन थरांत काँक्रीट, प्रत्येक थराला १६ मिलिमीटर जाडीच्या ठोकणीने ३५ ठोके. दुसऱ्या दिवशी साचा खोलायचा आणि क्यूब पाण्यात टाकायचा. २८ दिवसांनी बाहेर काढून ओला असतानाच फोडायचा. ओलाच का? कारण वाळलेला क्यूब आकडा जास्त दाखवतो. हिशोब सोपा आहे: क्यूबचं तोंड २२,५०० चौरस मिलिमीटर. एम २० म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. गुणाकार केला की ४५० किलोन्यूटन, म्हणजे साधारण ४५ टन. आठ किलोच्या ठोकळ्यावर ४५ टन! पहिल्यांदा बघणारा माणूस दोन पावलं मागे सरकतोच.

आणि फुटलेला क्यूब नीट बघा. मध्ये बारीक, वर-खाली रुंद, डमरूसारखा उरतो. वरच्या-खालच्या पोलादी प्लेटा घर्षणाने क्यूबची तोंडं धरून ठेवतात, त्यामुळे बाजू आधी सुटतात. तसा न फुटता एकाच कोपऱ्यातून फाटला, तर मला आधी प्लेटेवर किंवा साच्यावर शंका येते. साचा वाकडा असेल, तर सगळा भार एका उंचवट्यावर येतो. क्यूब ठेवतानाही थापीने सारखी केलेली बाजू वर ठेवायची नाही. साच्याला टेकलेल्या बाजू प्लेटांना लावायच्या. एवढी साधी गोष्ट, पण घाईत हमखास चुकते. हातपंपाची मशीन असेल तर आणखी एक भानगड: दांडा भराभर मारला की आकडा वाढतो. आणि प्रूव्हिंग रिंग किंवा लोड सेल लावून मशीनची काट्याची तपासणी झालेली नसेल, तर तो आकडा नुसता लिहिलेला आकडा. प्रमाणपत्राची तारीख बघायला लाजू नका.

ही यंत्रं काही परदेशातूनच येतात असं नाही. यंत्रमागासाठी माहीत असलेल्या इचलकरंजीजवळ तयार झालेली युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन कित्येक कॉलेजांच्या प्रयोगशाळेत उभी दिसेल.

तिच्यात सळई तोडतात. १२ मिलिमीटरची सळई घ्या. तिच्यावर व्यासाच्या पाचपट अंतरावर, म्हणजे ६० मिलिमीटरवर, दोन खुणा ठोकायच्या. मशीनच्या जबड्यात पाचर बसते. ओढ वाढेल तशी पकड घट्ट होते. सळई तुटली की दोन्ही तुकडे जुळवून खुणांमधलं अंतर पुन्हा मोजायचं. एफई ५०० डी सळईत ते निदान १६ टक्के वाढलेलं हवं, म्हणजे ६० चं साधारण ७० मिलिमीटर. साध्या एफई ५०० ला १२ टक्के चालतात. दुकानदार ‘५००’ हा आकडा मोठ्याने सांगतो, तो ‘डी’ मात्र हळूच. खरं तर आपल्या भागात तो ‘डी’च महत्त्वाचा. जमीन हलली तर सळई ताणली गेली पाहिजे, काचेसारखी तुटायला नको. १९९३ च्या आधी हा पट्टा भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता, हे विसरू नका.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे साधारण १२ घनमीटर काँक्रीट. नियमाप्रमाणे त्याला दोन सॅम्पल, प्रत्येकी तीन क्यूब. म्हणजे सहा. किती ठिकाणी सहा भरले जातात? आणि भरले तरी कुठल्या मालाचे? क्यूबसाठी वेगळं घमेलं कालवायचं, त्यात सिमेंट मोकळ्या हाताने टाकायचं, हा खेळ सगळ्यांना माहीत आहे. म्हणून घरमालकाने एकच करावं: स्लॅब ओतला जात असताना मधल्याच एखाद्या खेपेकडे बोट दाखवून ‘यातून भरा’ म्हणावं. ओल्या काँक्रीटवर तारीख कोरावी.

पण प्रामाणिकपणे भरलेला क्यूबसुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो. तो महिनाभर टाकीत, २७ अंशांच्या आसपास, निवांत पाण्यात पडलेला असतो. तुमचा स्लॅब एप्रिलच्या उन्हात, टँकरची वाट बघत. एकाच घमेल्यातली ही दोन भावंडं, एकाला पाणी मिळालं, दुसऱ्याला नाही. क्यूब २४ दाखवेल, स्लॅब तिथवर पोचेलच असं नाही. पाणी कमी असेल तर गोणपाट अंथरा, वाळूचे वाफे करा, प्लास्टिक झाका. पण अशा कोरड्या उन्हात किमान दहा दिवस ओल सुटू देऊ नका. आणि शक्य असेल तर स्लॅब उन्हाळ्यात धरूच नका, असं माझं मत. मुहूर्त बघणाऱ्यांनी विहिरीचं पाणीही बघावं.

स्लॅब झाल्यावर शंका आली तर? रिबाउंड हॅमर नावाचा हातोडा असतो. स्प्रिंगने पृष्ठभागावर आपटतो आणि किती मागे उसळला ते आकड्यात दाखवतो. सोयीचा आहे, पण त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे धरावं लागतं. भांडण कोर्टात जाणार असेल तर कोअर काढून फोडावा लागतो. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या निदान ८५ टक्के हवी, आणि एकही ७५ च्या खाली नको. कोअर काढताना सळई कापली जाऊ नये म्हणून आधी सळईची जागा शोधून घ्या.

पुढच्या भागात काळ्या मातीकडे वळू, पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळते ती. ती किती फुगते हे काचेच्या नळीत कसं मोजतात, ते बघू. तोवर राम राम.