आपल्या जागेत दुसऱ्याचा पाय

30 ऑक्टोबर 2022 रोजी अमरावतीच्या प्रभात चौकात एक जुनी, शिकस्त इमारत कोसळली. खाली दुकान होतं. पाच माणसं गेली. पुढच्याच वर्षी, 9 एप्रिलच्या रात्री, अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी वादळात एक जुना कडुलिंब मंदिराच्या टिनाच्या शेडवर उन्मळून पडला. भाविक त्या शेडखाली थांबले होते. सात जण दगावले. यात दोषी कोण, हे ठरवायला मी उभा नाही. पण ही माणसं ज्या छपराखाली होती, ते त्यांचं स्वतःचं नव्हतं. भिंत किती पोकळ झाली आहे, झाडाचं मूळ किती धरून आहे, हे बाहेरून आलेल्याला कळणार कसं?

आलेल्या माणसाची काळजी जागेच्या ताबेदारानं घ्यायची, यासाठी इंग्लंडनं 1957 साली स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. हे तत्त्व न्यायालयांच्या निकालांतून उभं राहिलं. दिल्लीच्या चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं मेली. इमारत सुमारे 80 वर्षांची आणि तशा बांधकामाचं आयुष्य 40-45 वर्षांचं. सर्वोच्च न्यायालयानं 1966 साली सांगितलं की रस्त्यालगतची इमारत सुरक्षित ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. दोष उघड असो वा आत दडलेला, जबाबदारी सुटत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ एवढं उत्तर पुरत नाही. माहीत करून घेणं हेच तर मालकाचं काम! वाळलेल्या झाडाची फांदी स्कूटरस्वारावर पडली, त्या प्रकरणात न्यायालयानं हाच नियम झाडांनाही लावला. तो अपघात 1964 चा, अंतिम निकाल 1999 चा. त्या स्कूटरस्वाराच्या घरानं ही पस्तीस वर्षं कशी काढली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता साध्या घसरण्याकडे येऊ. थंड देशांत दारापुढच्या बर्फावरून खटले चालतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण सकाळी धुतलेल्या गुळगुळीत फरशीवर म्हातारी माणसं पडतात. मंगल कार्यालयाच्या पंगतीत सांडलेल्या वरणावरून वाढपी घसरतो. जिन्याला कठडा नसतो, दिवा नसतो. आणि हिवाळ्यात हुरडा! शहरातली कुटुंबं पैसे भरून वावरात येतात, पोरं मोकळी धावतात आणि तिथेच बिनकठड्याची विहीर असते. शेतकऱ्याला ती पाऊलवाटेसारखी पाठ असते. पाहुण्याच्या पोराला ती गवतामागे दिसतही नाही. ज्यानं पैसे घेऊन बोलावलं, त्यानं हुरड्याची भट्टी पेटवण्याआधी विहिरीला कठडा किंवा जाळी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘अपघातास मालक जबाबदार नाही’ अशी पाटी पुष्कळ ठिकाणी दिसते. नुसती पाटी लावून कर्तव्य संपत नाही. आलेल्यानंही डोळे उघडे ठेवायचे असतात, हे खरं. त्याची चूक असेल तर भरपाई त्या प्रमाणात घटते. पैसे देऊन सेवा घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते, त्यासाठी वकील लागतोच असं नाही. एरवी दिवाणी दावा. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण पुरावा लागतो. पडलेल्याला दवाखान्यात नेल्यावर घरातल्या एकानं परत जाऊन त्या पायरीचा फोटो घ्यावा, पाहणाऱ्यांची नावं लिहून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी असते.

महापालिकेला धोकादायक इमारतीबाबत मालकाला किंवा राहणाऱ्याला नोटीस देण्याचा अधिकार आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींची स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणीही कायद्यात आहे. पण ही नोटीस मालकाच्या कपाटात जाते. पिशवी घ्यायला दुकानात शिरणाऱ्या बाईला ती कधीच दिसत नाही. म्हणून अमरावती आणि अकोला, दोन्ही महापालिकांकडे माझी मागणी आहे: अशी प्रत्येक नोटीस इमारतीच्या दर्शनी भागावर, रस्त्यावरून वाचता येईल अशा मोठ्या मराठी अक्षरांत लावा आणि दुरुस्तीचा दाखला येईपर्यंत ती कुणालाही काढू देऊ नका.