पडद्यामागचे सूर

वर्ष सरत आले की त्या वर्षातील उत्तम चित्रपटसंगीत कोणते, याची चर्चा रंगते. ती बहुधा गाण्यांपाशी सुरू होते आणि गाण्यांपाशीच संपते. मला आज एका जुन्या वर्षाविषयी, आणि गाण्यांच्या मागेपुढे वाजणाऱ्या संगीताविषयी बोलावयाचे आहे. ते वर्ष म्हणजे १९५५. ते माझ्या जन्मापूर्वीचे खरे. परंतु माझे कान ज्या तीन चित्रपटांनी घडविले, ते तिन्ही त्याच वर्षीचे होत.

पहिला सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’. रविशंकर यांनी त्याचे बहुतेक संगीत एका रात्रीच्या बैठकीत सिद्ध केले. त्यातील एक प्रसंग विसरता येत नाही. दीर्घकाळाने घरी परतलेला हरिहर मुलीसाठी आणलेली साडी पत्नीपुढे धरतो. मुलगी या जगात उरलेली नाही, हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया कोसळते, पण तिचा आक्रोश आपल्या कानी पडतच नाही. त्याच्या जागी दक्षिणामोहन ठाकूर यांच्या तारशहनाईचा तारस्वर उमटतो. मानवी कंठाला जे दुःख पेलवले नसते, ते एका वाद्याने पेलले आहे.

दुसरा व्ही. शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’. नृत्यालाच वाहिलेल्या या चित्रपटाचे संगीतकार वसंत देसाई हे मूळचे कुडाळ-सावंतवाडीकडील. शीर्षकगीत त्यांनी अडाणा रागात बांधले आणि ते गाण्यासाठी इंदूरला वाढलेल्या उस्ताद अमीर खाँ यांना पाचारण केले. विशीही न गाठलेल्या शिवकुमार शर्मा यांचे संतूरही त्यांनी या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात योजिले. मैफलीतील रसिकही ज्या वाद्याला तेव्हा फारसे ओळखत नव्हते, ते अशा रीतीने चित्रपटगृहात जाऊन पोहोचले.

तिसरा राज कपूर यांचा ‘श्री ४२०’. शंकर-जयकिशन यांच्या चाली घराघरांत पोहोचल्या. परंतु त्या चालींखाली व्हायोलिनांचा जो ताफा लाटेसारखा उसळतो, त्याचे स्वर कागदावर कोणी मांडले? त्या काळी या संगीतकारांच्या वाद्यमेळाची रचना करीत असत गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलांतून वाद्यवृंद चालविणारा हा कलावंत पुढे मुंबईस आला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे चिक चॉकलेट यांच्यासारखे अनेक गोमंतकीय त्याच मार्गाने आले. त्यांच्यापैकी बहुतेकांची शिदोरी एकच होती. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. प्रार्थनेसाठी मिळालेली ती विद्या चित्रपटाच्या कामी आली.

हे मला पुस्तकांतून प्रथम कळले नाही. लहानपणी ज्या वृद्ध गायनमास्तरांपाशी मी व्हायोलिन धरावयास शिकलो, त्यांनी तारुण्यात काही वर्षे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून वादन केले होते. एकदा दूरचित्रवाणीवर जुना चित्रपट चालू असता ते एकाएकी बोट उंचावून म्हणाले, “तिसऱ्या रांगेत मी आहे.” पडद्यावर नायिका रडत होती. आम्ही मुले हसलो. चित्रपट संपला, नामावली सुरुवातीलाच येऊन गेली होती आणि तीत मास्तरांचे नाव नव्हते. पुढे त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी वाद्यमेळात मी व्हायोलिन वाजविले, तेव्हा त्या हसण्याची मला लाज वाटली.

श्रोतेहो, त्या रांगांतील बहुतेक वादकांची नावे आता शोधूनही सापडणार नाहीत. पण त्यांचे वादन अजून ऐकता येते. पुढच्या खेपेस एखादा जुना चित्रपट पाहाल, तेव्हा गाणे संपल्यावर उठून जाऊ नका. संवादांच्या मागे काय वाजते आहे, तेही क्षणभर ऐका. तिसऱ्या रांगेत कोणीतरी बसलेले आहे.