उन्हाळ्यातली चार्जिंग

 आपल्या मोबाईलमध्ये असते तीच लिथियम-आयन बॅटरी ई-स्कूटरमध्येही आहे. २०२२च्या सप्टेंबरात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. गोंदियाकरांनी ही गोष्ट जास्त मनावर घ्यायला हवी. अशा बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांपर्यंतच चार्ज कराव्यात असा दंडक आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा तिथवर चढतो. टिनाच्या छपराखालची खोली तर त्याहून तापते. म्हणून उन्हातून आणलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत निवू द्या. आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

काही जण म्हणतील, बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप थांबते. थांबते, हे खरे. पण पडून आतला पडदा फाटलेला सेल हे चार्जिंग थांबवणारे सर्किट दुरुस्त करू शकत नाही, आणि स्वस्तातला भलताच चार्जर हा भरवसाही घालवतो. दिवसभर गाडी लागते, मग रात्रीशिवाय वेळ कुठला, ही अडचणही खरीच. तरी संध्याकाळी लावून झोपण्याआधी काढता येते. बॅटरी अंथरुणावर नको, दाराच्या वाटेत तर नकोच. बाहेर पडायची वाट तीच असते. फुगलेली, उग्र वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. धूर दिसला तर आधी घरातल्यांना बाहेर काढा आणि १०१ला फोन करा.