एका पायरीचा प्रश्न



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण दरवर्षी मोठमोठे विषय ऐकता. राष्ट्राचे अर्थकारण, संतांचे वाङ्मय, विज्ञानाची झेप अशा विषयांच्या पंगतीत मी आज जो विषय घेऊन उभा आहे, त्याची उंची फार तर सहा इंच आहे. देवळाच्या, राजवाड्याच्या आणि खानावळीच्या दारात जी एक पायरी असते, तिच्याविषयी मला बोलायचे आहे. प्रवासाला निघालेल्या आणि चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ही पायरी म्हणजे काय, हे आपण थोडा वेळ पाहू.

सध्या आपल्या गावात पाहुण्यांचा हंगाम आहे. मुंबई-पुण्याची कुटुंबे गाड्या भरभरून येतात. थिबा राजवाडा पाहतात, रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला जातात, गणपतीपुळ्याला जातात, भाट्याच्या वाळूत मुले सोडतात आणि दुपारी मासे, सोलकढी नि मोदक यांची चौकशी करीत फिरतात. अशा गाड्यांत पुष्कळदा मागच्या आसनावर एक आजी किंवा आजोबा असतात. गाडी थांबते, सारे उतरतात आणि आतून आवाज येतो, “तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते.” या वाक्यात तक्रारीचा सूर नसतो, म्हणून ते आपल्या कानांवरून निघून जाते. शंभर कोस दूरवरून समुद्र पाहायला आलेले माणूस गाडीच्या काचेतून दुसऱ्या गाड्या पाहत बसते, आणि आपण ते ‘सांभाळून घेतले’ असे समजतो.

व्हीलचेअरला ‘चाकाची खुर्ची’ हा सुंदर मराठी शब्द श्रीमती नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाच्या नावाने घरोघर पोहोचला. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर निकामी झालेल्या या बाईंनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अपंगाला दया नको, वावरायला जागा हवी, हा त्यांच्या कार्याचा गाभा आहे. आज मी तोच विचार शाळा आणि नोकरी यांच्यापलीकडे, म्हणजे प्रवास आणि भोजन यांच्यापर्यंत नेऊ इच्छितो. कोणी म्हणेल, आधी औषधपाणी आणि पोटापाण्याचे पाहा. सहल ही चैन आहे. पण मग धडधाकट माणसाला सहल का लागते? चार लोकांत मिसळावे, नवे पाहावे, दुसऱ्याच्या हातचे दोन घास आनंदाने खावेत, ही भूक पाय गेले म्हणून जात नाही.

या बाबतीत जपानचे उदाहरण मुद्दाम घेण्यासारखे आहे, कारण तो देश मुळात आपल्यासारखाच पायरीचा देश आहे. जपानी घरात शिरताना खाली पादत्राणे काढावयाची आणि मग उंच केलेल्या लाकडी जमिनीवर पाय ठेवावयाचा. आत गवती चटया आणि बुटकी मेजे. जेवायचे ते जमिनीवर बसून. आपल्या कोकणी घराचे जोते, ओटी, उंबरठा आणि पाटावरची पंगत यांची आठवण व्हावी असाच तो थाट. देवळे डोंगरावर आणि किल्ले त्याहून उंचावर. तेव्हा ‘त्यांचे बरे आहे हो, त्यांच्याकडे सारे सपाट’ असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

मग तेथे बदल झाला कसा? १९६४ सालच्या नोव्हेंबरात टोकियोला ऑलिंपिकपाठोपाठ अपंगांचे जागतिक सामने भरले. जपानचे खेळाडू बहुतेक रुग्णालयांतून आणि शुश्रूषागृहांतून आणलेले होते. त्यांनी पाहिले की, परदेशचे खेळाडू नोकरीधंदा करतात, संसार करतात आणि सामने संपले की खुर्ची ढकलीत बाजारात खरेदीलाही जातात. या सामन्यांमागे खटपट करणारे डॉक्टर युताका नाकामुरा यांनी पुढच्याच वर्षी बेप्पू येथे अपंगांसाठी ‘सूर्याचे घर’ या अर्थाच्या नावाची उद्योगसंस्था काढली. ‘भिक्षा नको, संधी हवी’ असे तिचे ब्रीद होते. १९६७ साली ओकायामा शहरात सेइइची मियाके यांनी तयार केलेल्या उंचवट्यांच्या फरश्या रस्त्यावर बसल्या. अंध माणसाला पायाने वाट सांगणाऱ्या त्या फरश्या आज आपल्या रेल्वेस्थानकांवरही दिसतात.

परंतु एवढ्याने वाटा मोकळ्या झाल्या नाहीत. १९७३ साली सेंदाई येथे चाकाच्या खुर्चीवरील नागरिकांची देशव्यापी परिषद भरली. १९७७ च्या एप्रिलमध्ये कावासाकी शहरात, बसवाले चढू देत नाहीत म्हणून, खुर्चीवरील माणसांनी बसगाड्यांत ठाण मांडले आणि वाहतूक अडवून धरली. जपानी माणसाच्या सौजन्याचे आपण फार कौतुक करतो, आणि ते योग्यही आहे. पण तेथील उतरंड आणि उद्वाहक केवळ सौजन्यातून उगवले नाहीत. घरात बसून राहण्याचे नाकारणाऱ्या लोकांनी ते मागून घेतले. त्यानंतर कायदे आले: १९९४ साली इमारतींचा, २००० साली वाहतुकीचा आणि २००६ साली दोन्ही एकत्र करणारा. रोज पाच हजारांवर उतारू असलेली रेल्वेस्थानके दहा वर्षांत पायरीविना चढण्या-उतरण्याजोगी करावयाची, असे उद्दिष्ट २००० च्या कायद्याबरोबर ठरले.

आज तेथे खुर्चीवरचा प्रवासी स्थानकावर गेला की कर्मचारी विचारतो, कोठे उतरणार? मग तो फलाट आणि डबा यांमध्ये घडीची फळी टाकून त्याला आत घेतो आणि उतरण्याच्या स्थानकाला कळवतो. तेथे दुसरा कर्मचारी फळी घेऊन त्याच डब्यापाशी उभा असतो. यात यंत्र एक फळी आणि एक दूरध्वनी एवढेच आहे. बाकी सारी आहे ती व्यवस्था: एकाने सुरू केलेले काम दुसऱ्याने पुरे करण्याची.

देखावे पाहण्याची गोष्ट याहून अवघड. टोकियोच्या असाकुसा भागातील सेन्सोजी हे फार जुन्या परंपरेचे देवस्थान, पण मुख्य मंदिरात चढण्यासाठी बाजूला उद्वाहक आहे. ओसाकाचा किल्ला १९३१ साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला. त्यातही उद्वाहक आहे. उलट हिमेजीचा किल्ला मूळ लाकडी. त्यातले उभे जिने खुर्चीला दुर्लंघ्यच आहेत. तो बाहेरून, अंगणातून पाहावा लागतो. नागोयाचा काँक्रीटचा किल्ला पाडून तो मूळच्यासारखा लाकडी बांधावा असे ठरले, तेव्हा वरच्या मजल्यापर्यंत उद्वाहक असावा की नसावा यावर मोठा वाद पेटला. २०२३ साली शहराने बोलावलेल्या एका चर्चेत खुर्चीवरच्या नागरिकाला उद्देशून अपमानाचे शब्दही उच्चारले गेले. जपानातही हा प्रश्न सुटलेला नाही, तो रोज सोडवावा लागतो, हे ध्यानात घ्यावे.

आणि भोजनाची गोष्ट तर त्याहूनही नाजूक. तेथील खाणावळी चिमुकल्या. अरुंद दार, उंच स्टुले, नाही तर चटईवरची बैठक. म्हणून खुर्चीवरचे प्रवासी पुष्कळदा मोठ्या दुकानांच्या वरच्या मजल्यावरील उपाहारगृहे गाठतात. तेथे उद्वाहक असतो, स्वच्छतागृह असते आणि मेजाची एक खुर्ची बाजूला केली की काम भागते. त्या गल्लीतल्या जुन्या दुकानाची चव मात्र त्यांना हुकते. स्थानक बदलायला सरकार पुरते, खानावळ बदलायला तिचा मालकच लागतो.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे कायदा नाही असे नाही. पहिला कायदा १९९५ चा. दुसरा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सालचा. १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांना वावरण्याजोग्या कराव्यात, असे त्यात आहे. एका दृष्टिहीन नागरिकाने २००५ साली केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असे सांगितले की, नुसती मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी नाहीत, किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे साडेएकोणतीस लाख अपंग नोंदले गेले. त्यांत वार्धक्याने गुडघे गेलेले, पडून मांडी मोडलेले आणि अर्धांगवायूतून उठलेले सारेच काही धरलेले नाहीत. ‘अशी माणसे येतात तरी किती?’ असा प्रश्न दुकानदार विचारतो. ती येत नाहीत, कारण दारात पायरी आहे. आणि ती येत नाहीत म्हणून पायरी तशीच राहते. या चक्रातून दुकानदारानेच आधी बाहेर पडले पाहिजे.

आणि हे रत्नागिरीला सांगावे लागावे याची मला मौज वाटते. देवळात कोणी शिरावे आणि पंगतीला कोणी कोणाशेजारी बसावे, हे दोन प्रश्न या गावाने एकेकाळी साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडले. १९३० साली येथे सहभोजने सुरू झाली. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने आणि सावरकरांच्या पुढाकाराने पतितपावन मंदिर उभे राहिले. १९३३ साली सर्व जातींच्या लोकांसाठी उपाहारगृहही निघाले. त्या बंदीची आणि आजच्या पायरीची मी बरोबरी करीत नाही. ती बंदी माणसाने माणसाचा अवमान करण्यासाठी घातलेली होती. पायरीच्या मनात काही नसते; आपल्याकडे शंभर इंचांवर पाऊस पडतो, म्हणून बापजाद्यांनी जोते उंच धरले, इतकेच. पण बाहेर राहिलेल्या माणसाला दिसते ते तेच: दर्शनाची रांग आत आहे, पंगत आत आहे आणि मी बाहेर आहे. ज्या गावाने एकदा हा उंबरठा ओलांडला, त्याला दुसरा ओलांडणे जड जाऊ नये.

करावयाचे ते फारसे नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबीची उतरंड, हे साधे प्रमाण. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट पुरतात, आणि तिच्या वरच्या टोकाला खुर्ची थांबण्यापुरती सपाट जागा. त्याला लागणारा चिरा आपल्या खाणीतलाच आणि गवंडीही आपलाच. फक्त पावसाळ्यात शेवाळ धरते, हे लक्षात ठेवून पृष्ठभाग खरखरीत ठेवावा नि कठडा लावावा. नाही तर पुण्य करायला जाऊन माणूस पाडायचा! दार तीन फूट मोकळे असावे. खानावळीत मेजाच्या एका बाजूचे बाकडे हलवता येईल असे असावे आणि मेजाखाली गुडघे जातील एवढी, सुमारे सत्तर सेंटिमीटर, उंची असावी.

स्वच्छतागृहाचे तर मी विशेष सांगेन. प्रवासात पुढे सोय नाही हे ठाऊक असल्यामुळे अशी कित्येक माणसे सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. कोकणच्या उकाड्यात हा केवढा छळ आहे! खुर्ची आत वळण्यापुरती पाच फूट जागा, बाहेर उघडणारे दार आणि धरायला दोन दांडे, एवढ्याने हा छळ टळतो. आणि शेवटची गोष्ट बिनखर्चाची. वाढपी पुष्कळदा खुर्चीवरच्या माणसाच्या डोक्यावरून सोबत्याला विचारतो, “यांना काय आणू?” त्यांनाच विचारावे. पाय गेले म्हणून बांगडा की सुरमई हे ठरवण्याची अक्कल जात नाही.

सगळेच सर्वत्र करता येणार नाही, हे मला कळते. २०२५ साली जागतिक वारशात गेलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांत आपल्या जिल्ह्याचा सुवर्णदुर्ग आहे. समुद्रातल्या त्या दुर्गाला उतरंड बांधा असे कोणी म्हणणार नाही. पण जेथे जाता येत नाही तेथे तसे प्रामाणिकपणे सांगता येते. दारात पायऱ्या किती, दार किती रुंद, गाडी कोठवर जाते, स्वच्छतागृह कोठे आहे, ही माहिती जपानातल्या शहरांनी नकाशांवर छापून दिली. आपल्या राजवाड्यापासून पुळ्यापर्यंत आणि प्रत्येक खानावळीपर्यंत ही मोजणी शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना एका सुट्टीत करता येईल. मोजपट्टी, वही आणि बरोबर खुर्चीवरचा एक जाणकार, एवढे साहित्य पुरे. त्या जाणकाराला मात्र वगळू नका. अनुभवाविना बांधलेल्या कित्येक उतरंडी घसरगुंडीच्या कामाच्या असतात.

आपल्यातल्या प्रत्येकाचे पाय एक दिवस थकणार आहेत, हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. म्हातारपण येईल हे कोणालाच नवे नाही. तेव्हा आज जी उतरंड आपण पाहुण्यासाठी बांधू, ती उद्या आपल्याच घरच्यांना उपयोगी पडेल. उद्या सकाळी आपापल्या दुकानापाशी, देवळापाशी, संस्थेपाशी जाल तेव्हा दारातली पायरी एकदा मोजा. आणि या सभागृहाच्या चालकांनीही आपल्या दारापासूनच आरंभ करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.